आबांना दिसत नाही आणि त्यांना ते ठाऊक नाही. घरच्यांनी कसे वागावे?

गूळवाट (१२ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार. मी करवीर तालुक्यातला. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांतली ४० वर्षे त्यांनी गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, म्हणून काढली आहेत. गुळव्याचे काम नजरेवर चालते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. रसाला उकळी फुटल्यावर मळी कधी काढायची, भेंडीचे पाणी किती सोडायचे, पाकाचा रंग कधी पालटला आणि काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवणावरून कधी ओढायची, हे सगळे आबा काठावर उभे राहून नुसते बघून ठरवायचे. शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात ढेप फोडण्याआधीच ती आतून कशी निघेल ते सांगायचे.

सप्टेंबरच्या अखेरीस एका पहाटे त्यांना चक्कर आली, उलटी झाली आणि डोके मागच्या बाजूने ठणकू लागले. पित्त झाले असेल असे समजून आम्ही त्यांना दिवसभर झोपू दिले. तिसऱ्या दिवशी ते उठून चालू लागले आणि थेट दाराच्या चौकटीवर आदळले. कपाळाला हात लावून म्हणाले, "कुणी सरकवलंय रं हे दार?" आम्ही त्यांना एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. तिथे बुबुळे उजेडाला नीट आकसतात, पडदाही चांगला आहे, असे सांगून वयोमानाने होणारा गोंधळ म्हणून औषधाची चिठ्ठी दिली गेली. त्यात सहा दिवस गेले. नंतर एमआरआय केला तेव्हा मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी तुटल्याचे दिसले. हृदयाचे ठोके अनियमित होते, त्यातून रक्ताची गाठ सुटून वर गेली असावी, असे डॉक्टर म्हणाले. आबांना काहीही दिसत नाही. पण दिसत नाही याची त्यांना जाणीवच नाही, आणि या अवस्थेला अँटन सिंड्रोम म्हणतात, हेही त्यांनी सांगितले.

आमची खरी अडचण पुढे आहे. आबांना विचारले तर ते सांगतात, "दिसतंय की मला." माझा शर्ट कोणता ते विचारले तर न अडखळता निळा म्हणतात, मग तो पांढरा का असेना. भिंतीला धडकले तर खोलीत अंधार केला म्हणून आईवर रागावतात आणि पाण्याचा पेला चुकला तर तो कुणी तरी हलवला असे म्हणतात. परवा, १० तारखेला, अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीवर पडण्याचा वर्षातून दोनदा येणारा सोहळा, टीव्हीवर लावला होता. आबा हात जोडून बसले. मी सहज आवाज बंद केला, तरी ते सांगतच राहिले, "किरणं कमरंपतूर आल्यात, आता वर सरकाय लागल्यात." पडद्यावर त्या वेळी साबणाची जाहिरात चालू होती. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

माझा प्रश्न एवढाच आहे. आम्ही त्यांना रोज खरे सांगत राहावे, की त्यांच्या म्हणण्याला होकार देत जावे? खरे सांगितले की ते संतापतात. होकार दिला तर ते एकटेच उठून रस्त्यावर जायला निघतात.

रंकाळाकाठ (१२ नोव्हेंबर, रात्री १०.१५)

तुमचे लिहिणे वाचून फार वाईट वाटले. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहे, वैद्यकातले मला कळत नाही, पण माणसाच्या मनाचा थोडाफार अनुभव आहे. ज्याची सारी प्रतिष्ठा नजरेवर उभी होती, त्या माणसाला ती नजर गेल्याचे मान्य करणे किती जड जात असेल, याचा विचार करा. माझे थोरले चुलते मधुमेहाने पाय गमावल्यावर वर्षभर जुनी चप्पल पलंगाखाली ठेवून होते आणि कुणी ती उचलली की भांडत. मला वाटते आबांचे मन हे सत्य स्वीकारायला अजून तयार नाही. त्यांना वेळ द्यावा, एखाद्या समुपदेशकाशी बोलायला न्यावे, म्हणजे हळूहळू ते स्वतःच कबूल करतील.

मज्जासंस्था (१२ नोव्हेंबर, रात्री ११.३०)

मी मेंदूविकार विभागात काम करतो. रंकाळाकाठ यांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण हे मत घरच्यांनी धरून बसू नये असे मला कळकळीने सांगायचे आहे. चुलत्यांना पाय गेल्याचे ठाऊक होते आणि ते त्यांना सोसत नव्हते. आबांच्या बाबतीत ते कळवणारी यंत्रणाच इजेत सापडली आहे.

डोळा जे टिपतो ते डोक्याच्या अगदी मागच्या भागात, म्हणजे पश्चकपाल खंडात पोचते आणि तिथे त्याचे 'दिसणे' होते. या भागाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या आणि डाव्या धमन्या बहुतेकांमध्ये एकाच मोठ्या धमनीच्या टोकाला फुटतात. गाठ नेमकी त्या फाट्यावर अडकली किंवा तिचे तुकडे होऊन दोन्ही फांद्यांत गेले, तर माणूस एका क्षणात दोन्हीकडून अंध होतो आणि त्याचे डोळे मात्र जसेच्या तसे राहतात. बुबुळ उजेडाला आकसते त्याचा मार्ग मेंदूच्या खोडातून जातो, मागच्या खंडापर्यंत तो जातच नाही. त्यामुळे त्या दवाखान्यात जे पाहिले गेले ते खरेच होते. काढलेला निष्कर्ष अपुरा होता, कारण डोळे चांगले असूनही माणूस ठेचकाळत असेल तर पुढची तपासणी मेंदूची व्हायला हवी होती.

ऑस्ट्रियातले डॉक्टर गाब्रिएल अँटन यांनी १८९९ मध्ये अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या रुग्णांत शिवणकाम करणारी ५६ वर्षांची एक बाई होती. तिला स्वतःच्या आंधळेपणाची जाणीव नव्हती, पण बोलताना एखादा साधा शब्द आठवला नाही तर त्याची मात्र तिला खंत वाटे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे १९१४ मध्ये जोझेफ बाबिन्स्की यांनी अर्धांगवायू झालेल्या आणि तो झाल्याचे न जाणणाऱ्या रुग्णांसाठी एक शब्द घडवला, ॲनोसोग्नोसिया. आपल्या आजाराचे ज्ञान नसणे, असा त्याचा अर्थ आहे.

मेंदू असे का करतो, याविषयी एकच सर्वमान्य उत्तर नाही. एक मत असे की बिघडलेल्या दृष्टिकेंद्राकडून 'इथून काही येत नाही' हा निरोपच बोलणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या भागांपर्यंत जात नाही. दुसरे मत असे की आठवणीतून आणि कल्पनेतून उभे राहणारे चित्रच रुग्ण पाहिलेले म्हणून धरतो, कारण त्याला खोटे पाडणारे खरे चित्र आत येतच नाही. किरणोत्सवाच्या प्रसंगाला हे दुसरे मत जवळचे वाटते, कारण आबांनी तो सोहळा जन्मभर पाहिलेला आहे.

गूळवाट, एक विचारतो. आबा दुसऱ्या कुठल्या दुखण्याची तक्रार करतात का?

गूळवाट (१३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५)

हो. गुडघे दुखतात म्हणून रोज सकाळी आईकडून तेल लावून घेतात. डाव्या कानाने कमी ऐकू येते हेही स्वतःहून सांगतात.

मज्जासंस्था (१३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०)

मग रंकाळाकाठ, आपणच पाहा. प्रतिष्ठेच्या भीतीने माणूस दुखणे लपवत असता तर गुडघे आणि कानही लपवले असते. जाणीव फक्त नजरेपुरती गेली आहे.

रंकाळाकाठ (१३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०)

मान्य. माझे पहिले मत मी मागे घेतो. समुपदेशकाचा सल्ला मात्र मी आता आईसाठी देतो, कारण त्या माउलीला रोज हे सोसावे लागते आहे आणि तिच्याशी कुणी बोलत नसावे.

जुनी_पोथी (१३ नोव्हेंबर, दुपारी १.१०)

या अवस्थेचे एक फार जुने वर्णन रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांच्या पत्रांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ही गोष्ट. त्यांच्या घरात त्यांच्या पत्नीची हार्पास्ते नावाची एक दासी होती. तिची दृष्टी अचानक गेली, पण आपण आंधळ्या झालो आहोत हे तिला कळत नव्हते, आणि ती आपल्याला सांभाळणाऱ्या सेवकाला सारखी विनवायची की हे घर अंधारे आहे, मला दुसरीकडे घेऊन चल. 'खोलीत अंधार केला' हे आबांचे वाक्य वाचले आणि मी तडक कपाटातून ते पुस्तक काढले.

सेनेका यांनी पुढे त्यातून उपदेश काढला आहे की आपण सगळेच आपल्या दोषांच्या बाबतीत असे असतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तो शोभतो. घरात असा माणूस असताना तो मनात आणू नये, असे मला वाटते. आपला दोष न पाहणाऱ्याला आपण थोडा तरी जबाबदार धरतो, आणि हार्पास्तेकडे तसला कुठलाच दोष नव्हता.

प्रकाशवाट (१३ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 'न दिसणे कळत नाही म्हणजे काय' हे घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना समजावायचे असेल तर एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके काढा. डावा डोळा हाताने झाका आणि उजव्या डोळ्याने डावीकडच्या ठिपक्यावर नजर रोखून कागद हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर उजवीकडचा ठिपका नाहीसा होतो. तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, कारण डोळ्यातली नस तिथून बाहेर पडते. मारिओत या फ्रेंच संशोधकाने सतराव्या शतकात हे दाखवून दिले.

मुलांना मी नंतर विचारते की ठिपक्याच्या जागी काय दिसले. कुणीही 'भोक दिसले' किंवा 'काळे दिसले' असे म्हणत नाही. सगळी सांगतात, कोरा कागद दिसला. जन्मापासून प्रत्येक डोळ्यात ही मोकळी जागा आहे आणि आपल्यापैकी एकालाही ती कधी जाणवलेली नाही. आपण आंधळेपणा म्हणजे डोळ्यांपुढे काळोख अशी कल्पना करतो, पण डोक्याच्या मागे तुम्हाला काय दिसते, असे विचारले तर तुम्ही 'काळे' म्हणणार नाही. तिथे काहीच नसते. आबांचे सगळीकडे तसे झाले असावे.

गूळवाट (१३ नोव्हेंबर, रात्री ८.४५)

प्रकाशवाट ताई, आत्ता घरातल्या सगळ्यांनी हे करून पाहिले. माझी सहावीतली मुलगी कागद बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे आबा खोटं बोलत नाहीत." गेल्या दीड महिन्यात घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले गेले. त्याबद्दल मी आपला फार ऋणी आहे.

भुदरगडची_पोर (१४ नोव्हेंबर, पहाटे ५.१५)

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. मी परिचारिका आहे आणि असे दोन रुग्ण मी जवळून पाहिले आहेत. त्यांतली एक बाळंतीण होती. प्रसूतीच्या सुमारास रक्तदाब भडकून झटके आले आणि मेंदूच्या मागच्या भागाला सूज आली. तिला दिसत नव्हते आणि ती बाळाच्या जावळाचे वर्णन करत होती, बाळ त्या वेळी काचेच्या पेटीत दुसऱ्या खोलीत होते. रक्तदाब आटोक्यात आल्यावर काही दिवसांत तिची नजर परत आली. सूज ओसरते, पण रक्ताविना मेलेला भाग तसा परत येत नाही, म्हणून आबांची तुलना तिच्याशी करू नका. तरी पहिल्या काही महिन्यांत थोडा उजेड, थोडी हालचाल जाणवू लागणे अशक्य नाही.

दुसरे म्हणजे, आबांची नवी आठवण टिकते का ते पाहा. ज्या धमन्यांतून दृष्टिकेंद्राला रक्त जाते त्यांच्याच फांद्या आठवणी साठवणाऱ्या भागालाही जातात. माझे दुसरे रुग्ण सकाळी भिंतीवर आपटायचे आणि दुपारपर्यंत ते पार विसरायचे. आपटल्याचे अनुभव साठतच नसतील तर त्यांतून 'मला दिसत नाही' हा निष्कर्ष माणूस काढणार कुठून?

हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक. अचानक चक्कर, तोल जाणे, दोन्ही डोळ्यांचे किंवा एका बाजूचे दिसणे जाणे, हीसुद्धा पक्षाघाताची लक्षणे आहेत. तोंड वाकडे झाले नाही, हात लुळा पडला नाही, म्हणून थांबू नका. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. माझ्या स्वतःच्या मावशीला घरात लिंबूपाणी देत बसलो होतो, आणि मी परिचारिका असून ते मला त्या दिवशी सुचले नाही.

शाहूपुरी_चौथी_गल्ली (१४ नोव्हेंबर, सकाळी ११.००)

गुळाच्या व्यापारात आमची तिसरी पिढी आहे. आबा कोण ते मी ओळखले नाही आणि विचारणारही नाही, पण अशा गुळव्यांच्या शब्दावर आम्ही सौद्यात बोली लावली आहे.

एक व्यवहाराचे सांगतो. आबा 'वाचले' म्हणून कोणत्याही कागदावर सही करतील, कारण त्यांच्या लेखी त्यांनी तो वाचलेला असेल. बँक, सोसायटी, ऊसबिल, सात-बारा, यांतला कोणताही कागद दोन विश्वासू माणसांनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यांच्यापुढे ठेवू नका. धनादेशाचे पुस्तक आजच कपाटात ठेवा. मोटारसायकलची किल्लीही.

गूळवाट (१४ नोव्हेंबर, दुपारी २.२०)

किल्ली काढून ठेवली आहे. सहीचे आमच्या डोक्यातही नव्हते, आज भावाशी बोललो.

भुदरगडची_पोर ताई, आठवणीचे तुम्ही म्हणता तसेच आहे. दार कुणी सरकवले हा प्रश्न ते रोज नव्याने विचारतात.

काल त्यांच्या हट्टाखातर त्यांना गुऱ्हाळावर नेले, तेही लिहितो. चुलवणाजवळ बाजले टाकून बसवले. त्यांनी नाक वर केले, रसाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "आता मळी वर आलीया, काढा." मळी खरोखरच वर आली होती. थोड्या वेळाने उकळीचा आवाज जड झाला, बुडबुडे फुटण्यातले अंतर वाढले, तसे म्हणाले, "रंग धरला बघ, सोन्यावानी." तेही बरोबर होते. सगळे गुऱ्हाळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. क्षणभर मलाच वाटले की एमआरआय चुकला आहे. तेवढ्यात ते म्हणाले, "तो तांबडा टॉवेल काहिलीच्या काठावरनं काढा, जळंल." तिथे टॉवेल नव्हता. तो काढायला ते स्वतः उठले आणि दोन पावले काहिलीकडे गेले. ११० अंशांच्या वर तापलेला पाक होता. मी त्यांचा दंड धरला तेव्हा माझाच हात थरथरत होता. ते मला म्हणाले, "मी काय आंधळा हाय व्हय?"

पांढरी_काठी (१४ नोव्हेंबर, रात्री ९.५०)

मी जन्मापासून अंध आहे आणि फोनवरच्या वाचक आवाजाच्या मदतीने हा धागा पहिल्यापासून वाचला. गुऱ्हाळावरचा प्रसंग दोनदा ऐकला. आबांनी वासाने आणि आवाजाने पाक ओळखला, ही त्यांची खरी कमाई आहे. ती त्यांच्याकडे आहे आणि राहणार आहे. त्यांच्या मेंदूने या ज्ञानाला 'दिसले' असे नाव दिले, एवढीच चूक आहे. तेव्हा त्यांना 'तुम्हाला पाकातले काही कळत नाही' असे कधी कुणी म्हणू नये.

आता काही गोष्टी अधिकाराने सांगते. पहिली म्हणजे त्यांची परीक्षा घेणे थांबवा. किती बोटे, कोणता शर्ट, हातात काय, हे प्रश्न डॉक्टरांनी विचारावेत. घरात पाहुणा आला की आबांना प्रश्न विचारून त्याला नवल दाखवायचे, असे तुमच्याकडून नकळत घडत असेल तर ते आजच बंद व्हावे. प्रश्न आला की मेंदू उत्तर बनवणार आणि ते उत्तर पुन्हा त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार. यात त्यांचा फार अपमान आहे.

खरे सांगावे की होकार द्यावा, या तुमच्या प्रश्नातच मला अडचण दिसते, कारण दिवसभरात बोलण्याजोगी बहुतेक वाक्ये या दोन्हींत मोडत नाहीत. 'आबा, मी आलोय, तुमच्या उजव्या हाताला उभा आहे.' 'पुढे पायरी आहे, ओली आहे, माझा हात धरा.' 'भाकरी ताटात तुमच्या पुढ्यात आहे, आमटीची वाटी पलीकडच्या बाजूला, गरम आहे.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि आबांना काहीही कबूल करावे लागत नाही. डोळस माणसालाही आपण असे सांगतोच. चालताना तुम्ही त्यांना ढकलू नका. त्यांनी तुमचे कोपर धरावे आणि तुम्ही अर्धे पाऊल पुढे असावे.

पलंग, खुर्ची, पाण्याचा तांब्या यांच्या जागा ठरवा आणि कुणीही त्या बदलू नका. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा, अर्धवट दार कपाळ फोडते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी ताणून बांधा. ती आपल्यासाठी आहे असे त्यांना पटवायची गरज नाही, हात लागला की हातच तिच्यामागे जातो.

आणि एक विनंती सगळ्यांना. धाग्यात 'बिचारे' हा शब्द अजून आलेला नाही, तो येऊ देऊ नका.

मज्जासंस्था (१५ नोव्हेंबर, सकाळी ८.१०)

पांढरी_काठी यांनी लिहिलेले मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. एका मुद्द्यावर मात्र थोडा मतभेद नोंदवतो. आजाराविषयी त्यांना कधीच सरळ सांगू नये, असे होऊ नये. उद्या डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्यांनी लपवले होते असे त्यांना कळले तर विश्वास तुटतो. शांत वेळ पाहून, घरातल्या एकाच माणसाने, एकाच ठरलेल्या वाक्यात सांगावे की डोक्याच्या मागच्या भागात रक्ताची गाठ अडकली होती आणि त्याचा नजरेवर परिणाम झाला आहे. त्यांनी 'नाही' म्हटले तर वाद न घालता विषय बदलावा. पुन्हा काही दिवसांनी तेच वाक्य बोलावे. जाणीव परत येण्याची शक्यता असते, आणि ती आली तर त्यासोबत मोठे दुःखही येऊ शकते. त्या काळात त्यांना एकटे ठेवू नका, झोप आणि जेवण याकडे लक्ष द्या, गरज पडली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवू नका. दुसरी गाठ सुटू न देणे हे आज सगळ्यांत मोठे काम आहे.

पांढरी_काठी (१५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०)

ठरलेले एक वाक्य आणि एकच माणूस, हे मला पटते. रोज दहा जणांनी सांगण्याला माझा विरोध होता आणि राहील.

प्रकाशवाट (१५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००)

याच्या अगदी उलट अवस्थाही नोंदलेली आहे, ती वाचून मी थक्क झाले होते. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एका रुग्णाविषयी लिहिले. त्याला नजरेच्या एका बाजूचे काहीच दिसत नव्हते आणि तो तसे सांगतही होता. पण 'अंदाजाने बोट दाखवा' म्हटले की तो त्या बाजूच्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे बरेचदा अचूक बोट न्यायचा. त्याआधी १९१७ मध्ये जॉर्ज रिडॉक यांनी युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांत असे पाहिले होते की स्थिर वस्तू न दिसणाऱ्या भागात हलणारी वस्तू मात्र जाणवते. डॉक्टर, आबांच्या बाबतीत याचा काही उपयोग?

मज्जासंस्था (१५ नोव्हेंबर, रात्री १०.४०)

सुधारणा होते तेव्हा हालचाल आणि उजेड यांची जाणीव बरेचदा आधी येते, आकार नंतर. म्हणून कुणी खोलीत आल्यावर आबांनी मान वळवली, तर आवाज आधी झाला होता का, एवढे मनात टिपून ठेवा. त्यासाठी पुन्हा परीक्षा सुरू करू नका.

शाहूपुरी_चौथी_गल्ली (२ डिसेंबर, दुपारी १२.१५)

गूळवाट, आबा कसे आहेत? पांढरी_काठी ताई, सरकारी प्रमाणपत्राचे काही सांगाल का?

पांढरी_काठी (२ डिसेंबर, रात्री ८.००)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची व्याख्या अशी आहे: दृष्टी पूर्ण नसणे, किंवा चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे, किंवा नजरेचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असणे. कारण डोळ्यात आहे की मेंदूत, असा भेद त्या व्याख्येत नाही. अर्ज करताना एमआरआयचा अहवाल जोडा, कारण नुसते डोळे तपासणाऱ्याला ते निरोगी दिसतील. तपासणीला आबांसोबत घरचे माणूस आत असू द्या. आबा तिथेही 'दिसतंय' म्हणतील, तेव्हा आधीच डॉक्टरांच्या हातात कागद द्या.

गूळवाट (३ फेब्रुवारी, रात्री १०.०५)

इतके दिवस लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

दोरी बांधली. पहिल्या दिवशी आबा म्हणाले, "ही वाळत घालायची दोरी घरात कशाला?" दुसऱ्या दिवसापासून तिला धरूनच जातात. परीक्षा बंद केल्या. ठरलेले वाक्य माझा धाकटा भाऊ दर रविवारी तेल लावताना सांगतो. सुरुवातीला आबा "खुळा हायस" म्हणायचे, नंतर नुसतेच गप्प बसू लागले. जानेवारीत मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, तेव्हा त्यांनी त्या दिशेला मान वळवली आणि विचारले, "काय हलतंय तिकडं?" आवाज होताच, त्यामुळे मी त्यातून काही ठरवत नाही. तपासणीत डॉक्टरांनी उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात थोडा उजेड कळत असावा असे सांगितले.

काल किरणोत्सवाचा तिसरा दिवस होता. टीव्ही लावला, आवाजही चालू ठेवला. आबा हात जोडून बसले, पण बोलले काहीच नाहीत. शेवटी आईच त्यांच्याजवळ सरकली आणि सांगू लागली की किरणे गाभाऱ्यात आली, चरणांवर आली, वर सरकली. त्यांनी मध्येच तिला अडवले नाही.

आज त्यांना गुऱ्हाळावर नेले होते. बाजले काहिलीपासून दहा पावलांवर, मध्ये बाकडे आडवे. उकळी जड झाली तसे मी सवयीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग माझा दंड चाचपून धरला आणि म्हणाले, "पाक झालाय. रंग कसा आलाय, तू सांग."

मी सांगितला. त्यांनी विचारले, "तांबूस की पिवळा?" मी म्हणालो, पिवळा. म्हणाले, "मग ओढा काहील."

घरी येताना रस्ताभर ते गप्प होते. रात्री जेवले नाहीत, दूध घेतले. आई शेजारी बसून आहे आणि भाऊही आज इथेच झोपणार आहे. मज्जासंस्था, उद्या सकाळी आपल्याला निरोप पाठवला तर चालेल का?

मज्जासंस्था (३ फेब्रुवारी, रात्री १०.२०)

सकाळची वाट पाहू नका, आत्ताच पाठवा. मी जागा आहे.